फटफटीवरची मागली बैठक

पौष लागला की सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत होते. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पदर. परवा कुणीतरी वळसंगाकडून हुरड्याची कणसं आणून दिली. घरात आगटी कुठली पेटवणार? शेगडीवरच भाजली, हातावर चोळली, फुंकर मारली, कोंडा उडाला. हिरवे, गरम, मऊ दाणे तळहातावर राहिले. तोंडात टाकले आणि जिभेआधी पाठच जागी झाली. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, एक जुनी कळ हलकेच कण्हली. हुरड्याची चव माझ्या पाठीत राहते, असं कुणाला सांगितलं तर हसतील.

दाणे खात मी दारात उभी राहिले. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. पुढे नवरा, मागे बायको. ती एका अंगावर बसलेली, मांडीवर पिशवी, एका हाताने मागे अडकवलेलं जादा चाक घट्ट धरलेलं, खांदे कानाला भिडलेले. मला वाटलं, हाक मारून थांबवावं तिला. सांगावं, बाई, हात सैल सोड. अंग आखडून बसलीस तर दहा मैलांत मरशील. दर आठ मैलांना खाली उतर, चार पावलं चाल. आणि मऊ गादीच्या मोहात पडू नकोस.

पण स्कूटर वळून गेलीही. ती बिचारी नव्या पेठेतून भाजी घेऊन घरी निघाली असेल. तिला कुठं सत्तर मैल जायचं होतं?

मी गेले होते सत्तर मैल. त्या काळी, नऊवारी लुगड्यात, फटफटीच्या मागच्या बैठकीवर. माझ्या लग्नाला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

हे ढोरांचे डॉक्टर. बुळकांडीची साथ आली की गावोगाव जाऊन लस टोचायची, अडलेल्या गाई सोडवायच्या, बैलांच्या खुरांना औषध लावायचं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी यांनी घेतली होती. पुढे चामड्याची खोलगट बैठक आणि मागे नुसती लोखंडी चौकट. त्या चौकटीवर औषधांची पेटी बांधलेली असायची. माणसं यांना अबोल म्हणायची. अबोल नव्हते हे. गोठ्यात शिरले की गाईशी असे बोलायचे, की ऐकत राहावं. "घाबरू नको, झालंच आता, शहाणी की नाही तू?" घरी आले की मात्र शब्द संपलेले असायचे.

त्या वर्षी श्रावणात आम्हाला मुलगी झाली. ती तिसऱ्या दिवशी गेली. फार लहान होती, एवढंच मला सांगण्यात आलं. त्याच महिन्यात माझ्या आक्काला, जेऊरला, मुलगा झाला. आक्काचे यजमान तिथल्या स्टेशनावर नोकरीला होते. बारशाचं बोलावणं आलं, मी गेले नाही. मग दर पंधरा दिवसांनी आक्काचं कार्ड येऊ लागलं. त्यात बाळाविषयी एक अक्षर नसे. शेवटची ओळ मात्र ठरलेली: "तू ये. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. पण ये."

मी कार्ड फडताळात ठेवून द्यायची. त्या दिवसांत मी काय करत होते, ते मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं, की एकदा हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी सकाळी बसले होते तिथेच, त्याच पाटावर बसलेली होते. दिवा लावलेला नव्हता. यांनी दिवा लावला, चूल पेटवली, स्वतःच पिठलं टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांची पेटी मागून सोडून पुढे टाकीवर बांधली. मागच्या चौकटीवर वाकळेची घडी घातली.

"चल," म्हणाले.

"कुठं?"

"वळसंगला. गुरं टोचायची आहेत. तू नुसती बैस."

नुसती बैस! वळसंग बारा-तेरा मैल. अक्कलकोटच्या वाटेवरचा तो रस्ता म्हणजे धोंडे आणि फुफाटा. मी एका अंगावर बसले होते, पाय लोंबकळत, वाकळ सारखी घसरत होती, आणि खालची लोखंडी चौकट प्रत्येक खड्ड्याला माझ्या हाडांशी बोलत होती. वळसंगला उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. धुळीमुळे, असं मी म्हणाले.

ज्यांच्या गोठ्यात हे शिरले त्या घरची मलव्वा म्हणून एक बाई होती. उंच, काळीसावळी, हातात मेंढरं राखायची काठी. तिने मला पाहिलं आणि कानडीत म्हणाली, "बर्री तायी, कुंदर्री." या ताई, बसा.

"बसवत नाही हो," मी म्हणाले.

ती एवढी हसली की मागची मेंढरं बुजली. मग शेतात आगटीजवळ घेऊन गेली. तिथे सगळेच उकिडवे बसलेले, मला तेही जमेना. मी उभी राहिले आणि ती खालून माझ्या ओंजळीत गरम हुरडा टाकत राहिली.

"लेकरं किती तुमाला?" तिने विचारलं.

सोलापुरात हा प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, सगळे जपून बोलत. इतके जपून, की माझी मुलगी कधी झालीच नव्हती असं वाटावं. मी म्हणाले, "एक होती."

मलव्वाने मान हलवली. "माजी बी दोन गेली की. लई ल्हान व्हती." मग थोडं थांबून, "खावा. गार झाला की दाणा चामट हुतो."

एवढंच. आम्ही तिथे किती वेळ होतो कुणास ठाऊक. ज्वारीवरून वारं येत होतं आणि कुठेतरी गोफणीचा आवाज. मी पोटभर जेवले त्या दिवशी, किती महिन्यांनी.

निघताना मलव्वाने एक जाड बुरणूस आणला, मेंढीच्या लोकरीचा, कुटून केलेला. "बुडाखाली घाला," म्हणाली, "मानसाचं बूड हाय, दगुड न्हाय."

परतीच्या वाटेवरही हाल व्हायचे ते झालेच. घरी आल्यावर मी यांना स्पष्ट सांगितलं, "मी पुन्हा नाही बसायची त्या चौकटीवर." हे दुसऱ्या दिवशी फटफटी घेऊन कासीमचाचांकडे गेले.

नव्या पेठेच्या मागच्या बोळात कासीमचाचांचं दुकान होतं. टांग्याचे पट्टे, लगाम, घोड्याची खोगिरं असं सगळं चामड्याचं काम. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी फटफटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकळ दोन बोटांनी उचलून पाहिली आणि म्हणाले, "दागदरसाब, इसपे बाई को बिठाया तुम? ये बैठक नै, सजा है."

पहिल्या खेपेला यांच्याच हट्टामुळे चाचांनी कापसाची भरपूर मऊ गादी करून दिली. हाताने दाबली की बोटं बुडावीत अशी. चार मैल मी राणी होते. पाचव्या मैलाला कापूस दबला आणि लोखंड वर आलं. चाचांना हे आधीच ठाऊक होतं. पण डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे, म्हणून गप्प राहिले होते. मग आमच्या घरी आले, परसात ओल्या वाळूचा ढीग घालायला लावला आणि स्वतः पाठ फिरवून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"बाईला सांगा, बसा वाळूवर. नेहमी बसते तशी. मग उठा आणि आत जा. मग मी बघतो."

मी लाजत बसले, उठले, दाराआड गेले. चाचा वाळूपाशी वाकून बराच वेळ बघत होते. वाळूत दोन खळगे पडले होते, एक खोल आणि दुसरा जेमतेम.

"बाई सगळा भार उजवीकडं टाकते," ते म्हणाले. "डावीकडं दुखतंय काय तिला?"

  बाळंतपणानंतर डाव्या बाजूला कळ राहिली होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. चार महिने मी एका बाजूने बसत होते, एका बाजूने निजत होते, आणि हे मलाही त्या वाळूकडे पाहूनच कळलं.

"मग तिकडं जास्त भरा," हे म्हणाले.

"नै, नै. दुखतं तिथं भरायचं नसतं, दागदरसाब. घोड्याच्या पाठीला जखम असली तर खोगीर तिथं पोकळ ठेवतात. भरायचं ते बाजूनं. म्हणजे बाजूचं अंग भार घेतं, आणि दुखरी जागा आपली आपण बरी होती."

ती बैठक करायला चाचांनी आठ दिवस घेतले. खाली टांग्याच्या स्प्रिंगा, त्यावर काथ्या, मग घोड्याच्या केसांचा घट्ट थर, मग मलव्वाचा बुरणूस आणि वर चामडं. डाव्या बाजूला बोटभर पोकळी. शिवण कुठेही बसायच्या जागी येऊ दिली नाही, सगळी कडेला घेतली. हाताला कडकच लागायची. चाचा म्हणाले, "हातानं नका बघू. दोन घंटे बसून बघा." आणखी एक गोष्ट त्यांनी यांना हळू आवाजात सांगितली, ती यांनी मला रात्री जेवताना सांगितली. एका अंगावर बसलं की कंबर पिळते. कितीही चांगली बैठक केली तरी दुखणारच. बाईने दोन्हीकडे पाय टाकून बसावं. लोहाराकडून दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या बसवून घ्याव्यात. काष्ट्याच्या लुगड्यात काही अडत नाही.

अडत काहीच नव्हतं, पण गल्ली होती ना! मग आम्ही असं ठरवलं, की घरापासून नाक्यापर्यंत मी एका अंगावर बसायचं, मान खाली घालून, शालीन. नाका मागे पडला की हे फटफटी थांबवायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. मी काष्टा सावरून पुरुषासारखी टांग टाकायची. पहिल्यांदा तशी बसले तेव्हा दोन्ही पायांखाली टेकू होता, पाठ सरळ होती आणि समोर यांचा कोट. मला एकदम मोठ्यांदा हसू आलं. यांनी मागे वळून पाहिलं. काय बघत होते कुणास ठाऊक, पण फटफटी सुरू करायला त्यांना जरा वेळच लागला.

त्या मार्गशीर्ष-पौषात मी कुठेकुठे गेले! बसायलाही शिकावं लागतं, हे मला त्या फटफटीने शिकवलं. खड्डा दिसला की पायांवर किंचित उठायचं, म्हणजे हिसका गुडघे घेतात, पाठ घेत नाही. हाताने आवळून धरायचं नाही. जितकं आवळावं तितकं अंग दुखतं. दुखायला लागल्यावर उतरायचं नसतं, दुखायच्या आधी उतरायचं. हे दर आठ मैलांना थांबायचे, मी चार पावलं चालायची, घोटभर पाणी प्यायची. ऊन चढलं की पदर ओला करून मानेवर. करडईच्या शेतांच्या कडेने, माळावरच्या मेंढरांमधून, बाभळींच्या सावल्यांवरून आम्ही जात असू. बोलणं फारसं नाही; इंजिनाच्या आवाजात बोलणार काय? पण बारा मैल एखाद्याच्या पाठीमागे बसलं की कळतं, माणूस कुठल्या वळणाला श्वास धरतो, कधी दमला आहे, कधी काळजीत आहे.

मग एके दिवशी पुन्हा आक्काचं कार्ड आलं. यांनी ते वाचलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जेऊरला जायचं?"

"आगगाडीनं नको," मी म्हणाले. जेऊरला गाडी थेट जाते. पण गाडीत बायका असतात, बायका विचारतात, आणि गाडीत एकदा बसलं की मधे उतरता येत नाही. मला नेमकी त्याचीच भीती होती. स्टेशनावर उतरायचं, समोर आक्का, तिच्या कडेवर तो. तोंड फिरवायला जागाच नाही.

"फटफटीनं जाऊ," हे म्हणाले. "सत्तर मैल आहेत. जिथून वाटेल तिथून परत फिरू. तू माझ्या पाठीवर दोनदा थाप मार. मी वळवीन, विचारणार नाही."

पहाटे उजाडता उजाडता निघालो. सीना ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. मोहोळपर्यंत मी गाणं गुणगुणत होते म्हणा ना. चाचांची बैठक एखाद्या भल्या माणसासारखी निमूट भार घेत होती. मोहोळच्या पुढे उतरलो, चाललो, भाकरी-चटणी खाल्ली. पुन्हा बसलो. आठ मैल, पाणी, चार पावलं. पुन्हा आठ मैल. टेंभुर्णी आली. तिथून जेऊरचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावर एक बाई लेकराला झोळीत घालून पाठीवर टाकून चालली होती. लेकराचा एवढासा पाय झोळीबाहेर लोंबत होता.

मी यांच्या पाठीवर दोनदा थाप मारली.

यांनी लगेच वेग कमी केला, फटफटी वळवली आणि आलो त्या दिशेला तोंड करून एका लिंबाखाली थांबवली. मी उतरले.  यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि जमिनीवर बसले. मीही शेजारी बसले.  रस्त्याने एक बैलगाडी गेली, तिची धूळ खाली बसली.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही गं."

"मग बोला ना काहीतरी."

हे जमिनीवरची काटकी उचलून मोडत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "मी तिला हातात घेतलं नाही."

मला आधी कळलंच नाही.

"शेकडो वासरं या हातांनी बाहेर काढलीत. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो मी. पण ती एवढी लहान होती... मला वाटलं, मोडेल. तीन दिवस मी दारात उभा राहून बघत होतो. सुईण म्हणाली, घ्या की जरा. मी म्हटलं, उद्या घेतो." काटकीचे सगळे तुकडे झाले होते. "त्या पोराची मलाही भीती वाटते. तू थाप मारलीस तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

पाच महिने मी समजत होते, की दुःख माझं आहे आणि हे त्याच्याभोवती फिरून कामं करताहेत. दिवा लावताहेत, पिठलं टाकताहेत, बैठक करून घेताहेत. मी यांचा हात धरला. भर दुपारी, उघड्या रस्त्यावर. तो हात रापलेल्या कातडीचा, औषधाचा वास असलेला, आणि एखाद्या बुजऱ्या जनावरासारखा अंग चोरणारा होता. मी यांच्यासारखंच बोलले, गोठ्यात बोलतात तसं. "घाबरू नका. झालंच आता."

हे ऐकून हे रडले. आणि मग मी. लिंबाखाली मनसोक्त रडून घेतलं दोघांनी. चेहऱ्यावरच्या धुळीचा चिखल झाला. मी पदराने आधी यांचा चेहरा पुसला.

"चला," मी म्हणाले.

"घरी?"

"जेऊरला."

पुढे आम्हाला दोन मुलं झाली, मोठी झाली. फटफटी विकली गेली. कासीमचाचा गेले, आणि आता हेही नाहीत. यांच्यामागे गल्लीतल्या बायका समाचाराला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर फार अबोल होते हो." मी मान हलवली. कुणाकुणाला सांगणार, की मला टेंभुर्णीच्या फाट्यावर भेटलेला माणूस वेगळा होता? लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं, पण माझ्या हिशेबी आमचा संसार त्या लिंबाखालीच सुरू झाला.

जेऊरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. फटफटीचा आवाज ऐकून आक्का पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मला तिने नुसतं पाहिलं. रडली नाही, मिठी मारली नाही. आतून बाळाला उचलून आणलं, माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "धर गं जरा, भाकरी करपतेय माझी." आणि खरंच आत पळाली.

तो जड होता, कोमट होता आणि त्याला तेलाचा, दुधाचा वास येत होता.  तो माझ्या कुंकवाकडे टक लावून बघत होता. मी त्याला कितीतरी वेळ घेऊन उभी राहिले. मग यांच्याजवळ गेले. हे दारातच उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर.

"हात करा पुढे," मी म्हणाले.

"धुतले नाहीत."

"मग धुवा."

यांनी आडावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. कोटाला पुसले. मी बाळाला त्या हातांवर ठेवलं. हे श्वास धरून उभे राहिले. बाळाने एक जांभई दिली, डोकं यांच्या कोपरात सरकवलं आणि चक्क झोपून गेलं.

तेवढ्यात आक्काच्या सासूबाई बाहेर आल्या. "अहो डॉक्टर, उभे का? बसा की. लांबून आलात."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. कासीमचाचांनी जीव ओतून बैठक केली होती, वाटभर आम्ही उतरलो होतो, चाललो होतो. पण सत्तर मैल ते सत्तर मैल. हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "बसवत नाही हो."

आक्का स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती जी हसत सुटली! मग सासूबाई, मग मी. हे मात्र बाळ उठेल म्हणून हसूही शकत नव्हते, नुसते लाल होऊन ओठ दाबत होते. जेवणंही आम्ही दोघांनी त्या अंगणात उभ्यानेच केली. आक्काने ताट माझ्या हातात दिलं. यांचे दोन्ही हात अडकलेले, आणि बाळाला खाली ठेवायला हे काही केल्या तयार होईनात. म्हणून एक घास मी खात होते आणि एक यांना भरवत होते, घरच्या सगळ्यांदेखत. आणि त्या दिवशी कुणीही नावं ठेवत तोंडाला पदर लावला नाही.